जादू, देव आणि युद्ध : तरुणांसाठी फँटसी कादंबरी लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने लिहिणाऱ्यांची फँटसी हस्तलिखितं गेली काही वर्षं माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकांत एक मुलगी किंवा मुलगा असतो, त्याला अचानक जादू येते, कुठलातरी देव त्याच्यावर नजर ठेवून असतो आणि युद्ध तोंडावर आलेलं असतं. ही गोष्ट मला मनापासून आवडते, कितीही वेळा आली तरी. लिहिणाऱ्यांचे प्रश्नही बरेचसे सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची एका जागी लिहून ठेवते आहे.

उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच गोष्ट वापरेन. इरा नावाची सोळा वर्षांची मुलगी आहे. ती पाणाडी आहे, पण फक्त पाणी कुठे आहे ते सांगणारी नव्हे. तिने जमिनीवर तळवा टेकवला की तिथे पाणी वर येतं. ही देणगी तिला ओलाई या देवतेकडून मिळाली आहे. आणि तिच्या राज्यात युद्ध सुरू झालं आहे.

‘यंग अडल्ट’ म्हणजे नक्की कोणासाठी?

प्रकाशक आणि ग्रंथपाल साधारण १२ ते १८ हा वयोगट धरतात. अमेरिकेत या साहित्यासाठी २००० सालापासून मायकल प्रिंट्झ पुरस्कार दिला जातो, त्याची वयोमर्यादाही हीच आहे. नायक-नायिका बहुधा १५ ते १८ वर्षांच्या असतात. वाचक मात्र कुठल्याही वयाचे असतात, मी स्वतः चाळिशी ओलांडून ही पुस्तकं वाचते.

पण निव्वळ वयाने पुस्तक तरुणांचं होत नाही. मोठ्या माणसाने आपल्या सोळाव्या वर्षाकडे मागे वळून पाहिलं की त्यात शहाणपण मिसळतं. तरुणांच्या कादंबरीत ते शहाणपण अजून यायचं असतं. इराला आज संध्याकाळी ठरवायचं आहे आणि असा निर्णय तिने आयुष्यात कधी घेतलेला नाही. निवेदन तिच्या खांद्याला खांदा लावून चाललं पाहिजे, तिच्या पुढे जाता कामा नये. ‘तिला तेव्हा ठाऊक नव्हतं की...’ अशी वाक्यं हस्तलिखितात दिसली की मी पेन्सिलीने खूण करते.

मराठीत फँटसीची परंपराच नाही, मग आम्ही परकं काहीतरी लिहितोय का?

मराठी कादंबरीची सुरुवातीची पावलं अद्भुताच्याच वाटेवर पडली. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. पुढे वास्तववादाला मान मिळाला आणि अद्भुतरम्य म्हणजे पोरकट, असा समज रुजला. तो समज आपण वाहत राहण्याचं कारण नाही.

मला याहून जवळची वाटते ती नाट्यशास्त्रातली एक ओळ. भरतमुनी मूळचे चार रस सांगतात आणि उरलेले चार त्यांतून कसे निघतात ते सांगतात: वीरातून अद्भुत, रौद्रातून करुण, बीभत्सातून भयानक, शृंगारातून हास्य. आता जादू, देव आणि युद्ध असलेली कादंबरी डोळ्यांसमोर आणा. जिथे कोणीतरी धैर्याने पुढे सरतं तिथे जादू खरी वाटते, आणि जिथे तलवारी चालतात त्याच्या पुढच्याच पानावर रडणारं माणूस हवं. रौद्र रंगवून करुणाला जागाच ठेवली नाही, तर लढाई कवायतीसारखी वाटते. अडलेल्या प्रकरणावर औषध म्हणून मी ही ओळ कितीतरी जणांना लिहून दिली आहे.

जादूचे नियम किती काटेकोर असावेत?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. माझ्या मते तो विचारायची पद्धत जरा चुकते. मुलं मला तक्ते पाठवतात: अग्नी, जल, वायू, प्रत्येकाच्या सात पातळ्या, कोणाची शक्ती कोणावर चालते. तक्ता सुंदर असतो, पण त्यात एक रकाना नसतो: किंमत कोण मोजतं?

महाभारतातल्या कर्णाच्या शक्तीचंच बघा. जादूच्या नियमाचा इतका नेटका नमुना मला दुसरा माहीत नाही. कर्ण अंगावरची कवचकुंडलं कापून इंद्राला देतो आणि बदल्यात अमोघ अस्त्र मागतो. ते एकदाच वापरता येईल, ही अट. कर्ण ते अर्जुनासाठी राखून ठेवतो. चौदाव्या दिवशी सूर्य मावळल्यावरही लढाई थांबत नाही, अंधारात घटोत्कच कौरवसेनेची वाताहत करू लागतो, सगळे कर्णाकडे धावतात आणि त्याला ते अस्त्र घटोत्कचावर टाकावं लागतं. पांडव शोकात बुडतात आणि कृष्ण आनंदतो, कारण अर्जुन वाचला. नियम एका ओळीचा आहे. पण त्यातून दान आहे, जपून ठेवलेली आशा आहे, नाइलाज आहे, एका बापाचं दुःख आहे आणि देवाचा न पटणारा आनंदसुद्धा आहे. सात पातळ्यांच्या तक्त्यातून हे निघत नाही.

तिथलाच दुसरा नियम अश्वत्थाम्याचा. त्याला ब्रह्मशिर सोडता येतं, मागे घेता येत नाही. अर्जुनाला दोन्ही येतं. दोघांच्या हातात अस्त्र एकच, आणि फरक एवढाच की एकाला थांबता येतं. तरुण वाचकासमोर ठेवायला याहून चांगला प्रसंग कुठे शोधायचा?

आता इराकडे येऊ. पहिल्या मसुद्यात ती तळवा टेकवते, पाणी येतं, लोक जयजयकार करतात. हे फुकटचं पाणी. फुकटची जादू वाचकाला दोन प्रकरणं रिझवते, तिसऱ्यात कंटाळा येतो. म्हणून मी एक नियम घातला: ओलाई पाणी निर्माण करत नाही, इकडचं तिकडे करते. इराने इथे घागर भरली की कुठेतरी दुसरीकडे तेवढं पाणी कमी होतं. कुठे, ते तिला माहीत नाही. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. तिला उलटं करून विचारलं की गोष्ट सुरू होते: पोहऱ्यात आलंय, तर मग कोणाच्या आडातून?

किंमत जादू करणाऱ्याच्या अंगावर टाकणं सोपं असतं. नाकातून रक्त येतं, चक्कर येते, केस पिकतात. वाईट नाही, पण नायिका ते सोसते आणि आपण तिचं कौतुक करतो. किंमत तिसऱ्याच माणसावर पडली की तिला झोप लागत नाही, वाचकालाही लागत नाही.

नियम वाचकाला कधी सांगायचे?

जादूने संकट सोडवायचं असेल तर सोडवण्याच्या बरंच आधी. जादूने संकट वाढवायचं असेल तर नंतर सांगितलेलंही चालतं. सुरुवातीलाच दोन पानांचा खुलासा मात्र नको. गुरूने शिष्याला शाळेसारखं शिकवायचं प्रकरण कटाक्षाने काढून टाका आणि नियम मोडला गेल्याने काय झालं ते दाखवा.

देव इतके समर्थ आहेत तर ते स्वतःच युद्ध का थांबवत नाहीत?

हा प्रश्न तुमच्या वाचकाला तिसऱ्या प्रकरणात पडणार, हे धरून चाला. ‘देवांची लीला’ हे उत्तर कादंबरीत चालत नाही.

जुन्या कथांनी यावर खूप विचार केलेला आहे. ट्रॉयच्या युद्धात ग्रीक देव उघड बाजू घेतात. अथीना आणि हेरा ग्रीकांकडून, अपोलो आणि अफ्रोडायटी ट्रॉयकडून. सगळ्यांचा राजा झ्यूस, पण त्याचा स्वतःचा मुलगा सार्पेडॉन मरणाच्या दारात उभा असतो तेव्हा हेरा त्याला बजावते: तू तुझ्या मुलाला वाचवलंस तर उद्या प्रत्येक देव आपापल्या मुलाला वाचवायला निघेल. झ्यूस गप्प बसतो आणि पृथ्वीवर रक्ताचा पाऊस पाडतो. त्याची ताकद अफाट आहे. त्याला बांधून ठेवलंय ते इतर देवांशी असलेल्या नात्याने. उत्तर युरोपातल्या नॉर्स कथांत ओडिन हा देव ज्ञानाच्या घोटासाठी एक डोळा देतो, टीर या देवाचा हात लांडग्याच्या जबड्यात जातो, कारण लांडग्याला फसवून बांधायचं तर कोणीतरी हात गहाण ठेवायला हवा होता. देवांनाही मोजावं लागतं, हे या कथा कधी विसरत नाहीत.

तुमच्या देवाला काय करता येत नाही, ते आधी लिहून काढा. त्याला काय हवंय, ते दुसऱ्या ओळीत. ओलाईला उगमाचं पाणी समुद्राला पोचवायचं आहे, एवढंच. माणसांची राज्यं तिच्या लेखी नदीतल्या दगडगोट्यांसारखी. ती इराला देणगी देते ती प्रेमाने नव्हे आणि दुष्टपणेही नव्हे. तिला एक हात हवा होता, जमिनीवर टेकणारा. इराला हे उमगतं तो क्षण कुठल्याही लढाईपेक्षा जास्त हादरवणारा असायला हवा. आपल्याला निवडलं गेलं ते आपण खास होतो म्हणून नाही, आपण त्या वाटेवर बसलेलो होतो म्हणून.

आजही ज्यांची पूजा होते अशा देवांना कथेत घेतलं तर?

घ्या, पण ते कोणाच्या तरी घरचे देव आहेत हे लक्षात ठेवून घ्या. नाव तेवढं उचलायचं आणि स्वभाव आपल्या सोयीने बेतायचा, हे वाचकाला कळतं आणि दुखावतं. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचे ओरिशा, म्हणजे त्यांचे देव घ्या. ओगुन लोखंडाचा, ओया वादळाची, येमोजा पाण्याची. तिथून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर हे देव समुद्र ओलांडून ब्राझील आणि क्यूबाला पोचले आणि तिथे आजही त्यांची उपासना चालते. नायजेरियातल्या ओसुन देवतेच्या ओसोग्बो इथल्या देवराईला २००५ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हे सगळं वाचून झाल्यावर ओयाला ‘विजा फेकणारी बाई’ म्हणून वापरायला हात धजावणार नाही.

भीती वाटत असेल तर स्वतःची देवता घडवा. मी ओलाई घडवली ती ‘ओल’ या शब्दावरून. देवतेचं नाव रोजच्या शब्दातून उगवलं की तिच्याबद्दल म्हणी, शपथा आणि शिव्याही आपोआप सुचायला लागतात.

मी लढाई कधी पाहिलेली नाही. कशी लिहू?

तलवारबाजीपासून सुरुवात करू नका. पाण्यापासून करा.

एका घोड्याला दिवसाला साधारण ३० ते ४० लिटर पाणी लागतं, काम जास्त असेल तर त्याहून अधिक. चारा १० किलोच्या आसपास. पाचशे स्वारांची छोटीशी तुकडी धरली तर नुसत्या घोड्यांनाच रोज १५ ते २० हजार लिटर पाणी हवं. आता महाभारतात सैन्य मोजायचं जे माप आहे, त्या अक्षौहिणीचा हिशेब बघा: २१,८७० रथ, २१,८७० हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ. अशा ११ एका बाजूला, ७ दुसऱ्या बाजूला. नुसते स्वारांचे घोडेच १२ लाखांच्या घरात जातात. त्या आकड्यांकडे इतिहास म्हणून पाहू नका, कल्पनेला दिलेलं आव्हान म्हणून पाहा. एवढी जनावरं संध्याकाळी पाण्यावर नेली तर नदीचं काय होईल? खालच्या अंगाच्या गावात उद्या सकाळी कसलं पाणी येईल?

इतिहासातल्या सैन्यांना शत्रूपेक्षा रोगांनी जास्त मारलं. १८५३ ते १८५६च्या क्रिमियन युद्धात आणि त्यानंतरच्या अमेरिकन यादवी युद्धातही जखमांपेक्षा आजारांनी गेलेले सैनिक अधिक होते. जुलाब, ताप, घाण पाणी. तुमच्या कादंबरीत छावणी दिसते तेव्हा तिचा वास येतो का? पायाला फोड आलेला कोणी आहे का? सैन्यामागून बैलगाड्या, स्वयंपाकी, लोहार आणि जखमी येतात का? मी वाचते त्या मसुद्यांत सेना बहुधा रात्रीतून दोनशे कोस जाते आणि ताजीतवानी लढते. खरं सैन्य सामानासह दिवसाला २०-२५ किलोमीटर गेलं तरी पुष्कळ.

यातूनच इराची किंमत सेनापतीच्या लेखी का वाढते ते कळतं. तिला आग ओकता येत नाही, पण जिच्यामुळे सेना कोरड्या माळावरून चालून जाऊ शकते अशी मुलगी कुठल्याही योद्ध्यापेक्षा मोलाची. आणि इथेच तिची जादू, तिची देवता आणि हे युद्ध एकमेकांत गुंततात. या तिन्हींपैकी एक काढलं तर उरलेली दोन उभी राहू नयेत, इतकी घट्ट वीण हवी.

सेना पुढे सरकते आणि मुक्कामाला एक गाव लागतं. गाव लुटलेलं नाही, जाळलेलं नाही. आडाच्या काठावर एक म्हातारी पोहरा सोडते आहे. दोर सरकत राहतो, नेहमीच्या गाठीच्या पुढे जातो, मग तळाशी ठण्ण आवाज होतो. ती पोहरा वर ओढते. आत बोटभर गाळ आणि एक मेलेला बेडूक. म्हातारी ते ओतून देते आणि पुन्हा पोहरा सोडते, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचत नाही. इराच्या तळव्यांवर अजून सकाळचा चिखल आहे. ती हात मागे लपवते.

या प्रसंगात एकही तलवार नाही आणि तरी हे युद्धाचंच प्रकरण आहे.

सोळा वर्षांच्या मुलीला युद्धात उतरवणं योग्य आहे का?

हा प्रश्न एका आईने विचारला होता आणि तेव्हापासून मी तो विसरलेले नाही. खऱ्या जगात याचं उत्तर दिलेलं आहे. बालहक्क कराराला जोडलेला, सशस्त्र संघर्षातल्या मुलांविषयीचा पूरक करार संयुक्त राष्ट्रांनी २००० साली स्वीकारला आणि १२ फेब्रुवारी २००२ पासून तो लागू झाला. त्यानुसार १८ वर्षांखालच्या कोणालाही सक्तीने सैन्यात घेता येत नाही आणि प्रत्यक्ष लढाईत उतरू देऊ नये अशी जबाबदारी देशांवर आहे. तरीही मुलं ओढली जातात.

म्हणून कथेत मूल लढत असेल तर त्याला लढायला कोणी पाठवलं, हा प्रश्न कथेतच विचारला जायला हवा. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरायला मोठ्यांनी सांगितलं. बाहेर पडणं त्याला येत नाही, हे त्यांना माहीत होतं. आम्ही तुझ्या मागोमाग येतो, असा शब्द दिला आणि त्यांना येता आलं नाही. त्याच्या पराक्रमावर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलतो, त्या दिलेल्या शब्दावर फार थोडे बोलतात. तुमची कादंबरी तिथून सुरू होऊ शकते.

हिंसा किती दाखवावी?

जितकी नायिकेला विसरता येणार नाही तितकी. मोजमाप रक्ताचं नसतं. वीस मृत्यू एका परिच्छेदात उरकण्यापेक्षा एक मृत्यू आणि त्यानंतरचा आठवडा लिहा. मेलेल्याच्या चपला कोणी उचलल्या, त्याच्या वाट्याचं जेवण कोणी खाल्लं, हे लिहा. छळाची वर्णनं रेंगाळून लिहिलेली असतील तर मी ती कापायला सांगते, वाचक लहान आहे म्हणून नाही, तिथे लेखक जखमेवर रमलेला असतो म्हणून.

शत्रूपक्ष कसा असावा?

त्यांनाही देव असावेत आणि तेही मनापासून प्रार्थना करत असावेत. शत्रूच्या छावणीत एक प्रकरण घालवा, बाकी आपोआप होईल.

नावं, नकाशा, शब्दसूची?

नावं उच्चारता येतील अशी ठेवा. एकाच अक्षराने सुरू होणारी चार पात्रं नकोत. नकाशा तुमच्यासाठी आधी काढा, पुस्तकात छापायचा की नाही ते नंतर बघू. शब्दसूचीवाचून पान कळत नसेल तर पान पुन्हा लिहा.

पहिलं पुस्तकच त्रयीचा भाग म्हणून लिहू का?

मनात तीन भाग असू देत, पण पहिल्या भागात एक प्रश्न पूर्ण सुटायला हवा. इराच्या बाबतीत तो प्रश्न ‘पाणी कुठून येतं’ हा आहे. युद्ध कोण जिंकतं, हे दुसऱ्या भागात गेलं तरी चालेल. लांबी म्हणाल तर या प्रकारात ८० हजार ते १ लाख शब्द सर्रास आढळतात. मला आलेला सर्वांत मोठा मसुदा याच्या तिप्पट होता. त्यातला सुरुवातीचा एक तृतीयांश भाग त्या काल्पनिक जगाचा इतिहास होता. लेखिकेने तो काढला, मनातल्या मनात जपला, आणि कादंबरी उभी राहिली.

शेवटी कोण जिंकावं? जादू उरावी की संपावी?

कोणी जिंकलं तरी चालेल, पण जिंकल्यानंतरचा दिवस लिहा. अठरा दिवसांच्या युद्धानंतर पांडवांच्या बाजूने पाच भाऊ, कृष्ण आणि सात्यकी उरतात, कौरवांकडून तीन योद्धे. मग गांधारी रणांगणावर येते, मुलांची प्रेतं पाहते आणि थेट कृष्णाला शाप देते: छत्तीस वर्षांनी तुझंही कुळ असंच आपसांत लढून मरेल. कृष्ण तो शाप नाकारत नाही. आई देवाला जाब विचारते आणि देव मान तुकवतो, असा शेवट लिहिण्याची हिंमत त्या कवीत होती.

जादू संपवून टाकण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण त्याने गोष्ट मिटते. मला ते पळवाटेसारखं वाटतं. इराची देणगी मी शेवटी तशीच ठेवली आहे. सेनापती तिला शेवटच्या मोहिमेसाठी बोलावतो आणि ती जात नाही. ती त्या गावात परत येते, आडाच्या काठावर बसते, तळवा जमिनीवर टेकवते आणि ओलाईला पहिल्यांदाच विचारते की हे पाणी कोणाचं. उत्तर येईपर्यंत ती हात दाबत नाही. म्हातारी शेजारी येऊन बसते. पोहरा दोघींच्या मध्ये कोरडाच पडलेला असतो.